पडण्याची जबाबदारी

गेल्या श्रावणात आमच्या घरात एक खटला चालला. आरोपी होती आमच्या नातवाला सांभाळणारी बाई. फिर्यादी माझा मुलगा. साक्षीदार खुद्द चार वर्षांचा नातू. आणि न्यायाधीश म्हणून कोणी नेमले नसताना ते आसन मी बळकावले होते. आरोप दोन होते. मुलाचा गुडघा फुटून त्याला तीन टाके पडले, हा पहिला. ते कसे झाले असे विचारल्यावर बाई खोटे बोलली, हा दुसरा. "जिन्यावरून घसरला," असे तिने सांगितले होते. टाके घालून घरी आल्यावर नातवाने खरी हकीकत मोठ्या अभिमानाने सांगितली. टेकडीवर एक उंबराचे झाड आहे. त्याच्या खालच्या फांदीवर तो एकटा चढला होता आणि उतरताना पडला होता. पडल्याचे दुःख त्याला फारसे नव्हते. चढल्याचा आनंद मात्र अजून ओसरला नव्हता.

माझा मुलगा म्हणाला, "तो पडला याचे मला काही वाटत नाही, आई. मुले पडायचीच. पण ती खोटे का बोलली? जी एकदा खोटे बोलते तिच्या हाती मूल द्यायचे तरी कसे?"

प्रश्न बिनतोड होता. निदान त्या संध्याकाळी तरी मला तसा वाटला. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर त्याच प्रश्नाने मला झोपू दिले नाही. ती खोटे का बोलली असे न विचारता, तिला खोटे बोलायला कोणी लावले असे विचारले, तर पिंजऱ्यात कोण उभे राहील? या लेखात मला त्याच प्रश्नाचा पिच्छा पुरवायचा आहे. तो आमच्या एका घरापुरता नाही. ज्या घरी लहान मूल आहे आणि ते दिवसभर दुसऱ्या कुणाच्या स्वाधीन करावे लागते, त्या प्रत्येक घरी तो आज ना उद्या उभा राहणार आहे.

आधी आमच्या घरची रीत सांगते. आम्ही पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहतो. मुलगा आणि सून सकाळी साडेआठला घर सोडतात, ते संध्याकाळी सातला परततात. माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे घरात असूनही मुलाच्या मागे धावण्याच्या उपयोगाची मी नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी ही बाई आली. तिचे माहेर पानशेतच्या वरच्या अंगाला; लहानपण शेरडांच्या मागे गेलेले. नातू तिला मावशी म्हणतो, म्हणून आम्ही सगळेच मावशी म्हणतो. 'माय मरो पण मावशी जगो' अशी म्हण ज्या भाषेने घडवली, त्या भाषेत मावशी हा शब्द काही हलका नाही. आईच्या खालोखाल जिचा भरवसा, ती मावशी. महिन्याच्या पगारावर ठेवलेल्या बाईला आपण हे नाते किती सहज बहाल करतो! आणि गुडघा फुटला की तितक्याच सहज काढून घेतो.

मावशी आली त्या पहिल्या दिवशी सूनबाईने तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. माझी सून वाचणारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले ते तिने वाचलेले होते. दोन वर्षांच्या आतील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये. त्यापुढे पाचव्या वर्षापर्यंत दिवसाकाठी तासाभराहून अधिक नको, आणि कमी तितका बरा. चालत्या वयाच्या मुलाच्या वाट्याला दिवसातून निदान तीन तास तरी हिंडणे-फिरणे यावे. म्हणून तिची पहिली आज्ञा अशी होती : "मोबाइल हातात द्यायचा नाही. रोज बाहेर न्यायचे. मातीत, पाण्यात, झाडांत हवे तसे खेळू द्यायचे." आणि चपला पायात घालता घालता तिने दुसरी आज्ञा दिली : "पण जपा हं मावशी. त्याला काही होता कामा नये."

या दोन्ही आज्ञा एकाच तोंडून आणि एकाच मायेतून निघाल्या होत्या. बोलणारीला त्यांत विसंगती दिसली नाही; ऐकणाऱ्या मलाही दिसली नाही. परंतु त्या दोन्ही एकाच वेळी पाळणे कुणालाही शक्य नाही. ज्या मुलाला हवे तसे खेळू द्यायचे त्याला कधी ना कधी काही तरी होणार. ज्याला काहीच होऊ द्यायचे नाही त्याला खेळू देता येणार नाही. फार तर खेळवता येईल. या दोन आज्ञांच्या मध्ये जी फट राहते तिथे मावशीला उभे केले जाते. मूल आनंदाने घरी आले तर ते आमच्या आधुनिक विचारांचे फळ. रक्ताळून आले तर मावशीचा हलगर्जीपणा. स्वातंत्र्याचे श्रेय मालकाकडे आणि त्याची जोखीम नोकराकडे, अशी ही वाटणी आहे.

यात एक क्रूर विनोदही आहे. मावशीने दिवसभर मुलाला सोफ्यावर बसवून हाती मोबाइल दिला असता, तर आमच्या घरी कसलाही खटला उभा राहिला नसता. सूनबाई चार शब्द बोलली असती, मावशीने मान डोलावली असती, आणि प्रकरण तिथेच संपले असते. कोंडून ठेवण्याने होणाऱ्या इजेला टाके पडत नाहीत. दिवसाच्या उजेडात उघड्यावर वावरणाऱ्या मुलांत लांबचे न दिसण्याचा दोष कमी उद्भवतो, हे आता डोळ्यांचे डॉक्टर खात्रीने सांगतात. पण जो चष्मा दहाव्या वर्षी लागतो त्याचा जाब चौथ्या वर्षी सांभाळणाऱ्या बाईला कोण विचारतो? इजा दोन्हीकडे आहे. एक तात्काळ दिसते, तिला आरोपी लागतो. दुसरी हळूहळू साचते, तिला आरोपी लागत नाही. शहाणी बाई कोणती निवडील? आमची मावशी शहाणी नव्हती. ती मुलाला टेकडीवर घेऊन गेली.

खटल्याचा निकाल देण्याआधी गुन्ह्याची जागा पाहावी म्हणून एके दिवशी मी रिक्षाने पायथ्यापर्यंत गेले आणि काठी टेकीत शंभर-दीडशे पावले वर चढले. तिथे एका दगडावर बसून तास-दीड तास मी त्या दोघांना पाहिले. भाद्रपद लागला होता. तेरडा फुललेला, गवत मुलाच्या कमरेइतके. नातू उकिडवा बसून एका किड्याकडे पाहत होता. हात लावताच वेटोळे करून पैशासारखा होतो तो किडा. तो पुन्हा उलगडेपर्यंत मुलाने किती वेळ श्वास रोखून धरला असेल! घरी दोन घास खाईपर्यंत ज्याला धीर निघत नाही, तो हाच का मुलगा, असा मला प्रश्न पडला. मग त्याने काठीने माती उकरली, डबक्यात दगड टाकले, एका दगडाचे नाव 'गाडी' आणि दुसऱ्याचे 'बाबा' ठेवले, आणि बाबांना गाडीखाली घालून पुढच्या खेळाला लागला.

आणि मावशी? पाहणाऱ्याला वाटले असते, ती काहीच करीत नाही. पंधरा-वीस पावलांवर ती बसून होती. तिने त्याला काही शिकवले नाही, शाबासकी दिली नाही, "हे बघ, ते बघ" केले नाही. पण तिची नजर हलत नव्हती. त्या दीड तासात ती फक्त दोनदा उठली. एकदा तो एका वेलाकडे वळला तेव्हा. त्या वेलावर पुढे शेंगा धरतात आणि त्यांची लव अंगाला लागली की आग होते, हे तिने त्याला दाखवून सांगितले. दुसऱ्यांदा तो खाणीच्या वाटेला लागला तेव्हा. जुन्या खाणीत पाणी साठलेले आहे. तिथे तिने त्याला एक शब्द न बोलता उचलले आणि मागे आणून ठेवले. उंबरावर मात्र तो पुन्हा चढू लागला, गुडघ्याला पट्टी असताना, तेव्हा ती उठून खाली जाऊन उभी राहिली, पण तिने हात लावला नाही.

मी तिला विचारले, "अगं, परवाच पडला ना तो इथून? मग चढू कशी देतेस?"

ती म्हणाली, "खाणीतलं पानी किती खोल हाय ते त्याला दिसत न्हाय, आजी. फांदी किती उंच हाय ते दिसतंय की."

मला वाटते, मुलांच्या सुरक्षिततेविषयी यापेक्षा नेमके काही सांगता येणे कठीण आहे. काही धोके मुलाला दिसत नाहीत. त्यांचे वजन त्याला करता येत नाही. खोल पाणी, विषारी फळ, भरधाव वाहन. तिथे मोठ्या माणसाने विचारत न बसता आडवे यावे. काही धोके मात्र त्याला स्वतःला दिसतात. आज इतकेच चढू, उद्या त्याच्या वर, असे तो स्वतः ठरवू शकतो. तिथे आडवे येणे म्हणजे त्याच्या हातून तागडी काढून घेणे होय. ज्याने लहानपणी अशी तागडी कधी धरलीच नाही, त्याने मोठेपणी धोका कशाने तोलावा?

हे शहाणपण मावशीला शेरडांच्या मागे हिंडताना आले. युरोपात ज्यांना ते सुचले त्यांना आपण शिक्षणतज्ज्ञ म्हणतो. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन गृहस्थाची आई तो वर्षाचा व्हायच्या आत वारली. पंधराव्या वर्षी तो एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला राहिला. त्याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी खेळाची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला मुलांची बाग असे नाव दिले. आज गल्लोगल्ली के.जी. म्हणून जे ओळखले जाते ते त्याच बागेचे आद्याक्षर, बाग मात्र गळून पडलेली. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या बागांवर बंदी घातली. त्यांतून नास्तिकपणा आणि समाजवाद पसरतो असा संशय होता. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला, आणि बंदी उठली ती १८६० मध्ये. चार वर्षांचे मूल आपल्या मनाने खेळते याचे राज्यकर्त्यांनाही भय वाटावे, यात मला फारसे नवल वाटत नाही. फ्रोबेलच्या कल्पनेत मूल सांभाळणारी बाई ही माळीण होती. एवढे मात्र खरे की वाऱ्याने एक पान फाटले म्हणून माळणीला कुणी चोर ठरवीत नाही.

त्यानंतर शंभर वर्षांनी, १९४३ साली, जर्मन फौजांच्या ताब्यात असलेल्या कोपनहेगनमध्ये एमड्रुप या वस्तीत एक विलक्षण क्रीडांगण उघडले. सोरेन्सेन नावाच्या उद्यानरचनाकाराने पाहिले होते की, त्याने आखलेल्या नीटनेटक्या बागांपेक्षा मुलांना पडकी घरे आणि बांधकामाच्या जागा अधिक आवडतात. म्हणून इथे घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. फळ्या, विटा, जुनी चाके, दोर, हातोडे आणि माती. मुलांनी त्यातून हवे ते उभारावे आणि हवे तेव्हा मोडावे. एक मोठा माणूस तिथे नेमलेला असे, पण खेळाचे नेतृत्व त्याने करायचे नाही असा दंडक होता. मागितले तर मदत द्यायची, एरवी नुसते हजर राहायचे. त्याच देशात १९५० नंतरच्या वर्षांत मुलांना रोज रानात नेणाऱ्या बालवाड्या सुरू झाल्या आणि शेजारच्या देशांतही पसरल्या.

पण डेन्मार्कची गोष्ट सांगताना तिचा उत्तरार्ध सोडून चालणार नाही. तिथे बाबागाडीत झोपलेले मूल दुकानाच्या किंवा उपाहारगृहाच्या बाहेर, मोकळ्या हवेत ठेवण्याची जुनी रीत आहे. १९९७ साली एका डॅनिश आईने न्यूयॉर्कमध्ये तसेच केले. ती आत काचेशी बसली, मूल बाहेर गाडीत. पोलिसांनी तिला अटक केली आणि काही दिवस मूल सरकारच्या ताब्यात राहिले. कृत्य एकच, एका शहरात ती काळजी, दुसऱ्या शहरात तो गुन्हा. आईची माया समुद्र ओलांडताना कमी झाली नव्हती. भोवतालच्या माणसांचा तिच्यावरचा विश्वास मात्र तिला बरोबर नेता आला नाही. मुलाला मोकळे सोडणारा माणूस एकट्याच्या बळावर ते करीत नसतो. काही झालेच तर चार माणसे आपल्याला समजून घेतील, या भरवशावर तो ते करतो. हा भरवसा जिथे नाही तिथे धाडसी माणूसही मुलाचे मनगट घट्ट धरतो.

आता माझ्या सुनेची बाजू. ती मांडल्याशिवाय हा खटला न्यायाचा होणार नाही. गुडघ्याची बातमी तिला कचेरीत फोनवर कळली तेव्हा तिच्या शेजारी बसणारी कुणी तरी म्हणाली, "बायकांवर टाकून आलं की असंच होतं." तिच्या आईने फोनवर हेच वेगळ्या शब्दांत सांगितले. आणि प्रामाणिकपणे लिहायचे तर संध्याकाळी ती दारात शिरताच मी म्हटले, "तू घरी असतीस तर…" वाक्य मी पुरे केले नाही. पण अशी वाक्ये अपुरीच अधिक लागतात. माझ्या मुलाला मात्र दिवसभरात कुणी काही म्हणाले नाही. त्या सकाळी तोही नोकरीवरच गेला होता. भीती पाण्यासारखी उतारावरून वाहते. समाजाने आईला भिववले, आईने मावशीला. आणि मावशीच्या खाली एक मूलच उरते. तिने ती भीती पुढे मुलाकडे वाहू दिली असती तर त्याला उंबरावर चढूच दिले नसते. तिने तसे केले नाही. ती भीती तिने स्वतःजवळ अडवून ठेवली, आणि जेव्हा ती अडेना तेव्हा खोटे बोलली.

मी तिला तेही विचारले होते. उत्तर चार शब्दांचे मिळाले : "काम गेलं असतं, आजी."

खोटे बोलणे वाईट, हे मी कुणापेक्षा कमी मानीत नाही. चाळीस वर्षे शाळेत मी हेच शिकवले. पण शाळेत मला आणखी एक गोष्ट दिसत असे. ज्या वर्गाचे गुरुजी छडी घेऊन येत, त्या वर्गातली मुले अधिक खोटे बोलत. सत्य बोलण्याला धैर्य लागते हे खरे, पण ते धैर्य एकट्या बोलणाऱ्याकडेच मागणे हा ऐकणाऱ्याचा कावा असतो. ज्या घरात खरे सांगितल्याची किंमत महिन्याचा पगार आहे, त्या घराने खरेपणाची अपेक्षा करणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान देणे. मावशीच्या खोट्याचा एक अंश तिचा आहे, तो मी तिला माफ करीत नाही. उरलेला अंश आमचा आहे, आणि तो मोठा आहे. मोकळे मूल भ्यालेल्या माणसाच्या हाताखाली वाढत नाही. मूल मोकळे हवे असेल, तर ज्याच्या स्वाधीन ते करायचे त्याला आधी मोकळे करावे लागते.

माझा विचार इथवर आला तेव्हा मला वाटले, झाले, खटला संपला. पण पिंजऱ्यातल्या बाईविषयी मी एक प्रश्न तीन वर्षांत कधीच विचारला नव्हता, आणि तो मला आपल्या इथल्याच एका जुन्या प्रयोगाच्या आठवणीने सुचला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर होत्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दामागे ही पायपीट आहे. पुढे १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथे वारल्यांची मुले गुरांमागे रानात असत, म्हणून शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा निघाली. खडे, बिया, पाने, शिंपले हीच साधने. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा त्यांनी एकाच आवारात आणली. धाकट्याला सांभाळायची सोय झाली की थोरलीला पाटी धरायला हात मोकळा होतो. इतकी साधी गोष्ट. पण ती दिसायला मुलाच्या पलीकडे, मुलाला उचलून घेणाऱ्या हाताकडे पाहावे लागते.

त्या हाताकडे आपण अजून पाहत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. पण ती चालवणाऱ्या सेविकेला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. त्यांना निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. मूल सांभाळणे हे इतके पवित्र काम आहे की त्याचे पैसे मोजताना आपल्याला संकोच होतो. आणि तो संकोच नेमका घेणाऱ्याच्या तोट्याचा असतो.

तर मी मावशीला विचारले, "तू इथे असतेस तेव्हा तुझी मुले कुठे असतात गं?"

तिला दोन मुले आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. मुलीची शाळा दुपारी सुटते. तोवर म्हाताऱ्या सासूचे लक्ष असते. मग सासू धुण्याभांड्याच्या कामाला जाते आणि मुलगी भावाला सांभाळते. वस्तीसमोरून मोठा रस्ता जातो, गाड्या थांबत नाहीत. म्हणून दाराला बाहेरून कडी. शेजारीण अधूनमधून हाक मारून जाते. आत दूरदर्शन संच आहे, तो चालू असतो.

यावर मला काय म्हणावे ते सुचले नाही. ज्या बाईला रान कळते, जिला खाणीचे पाणी आणि उंबराची फांदी यांतला फरक कळतो, तिची स्वतःची मुले दहा बाय बाराच्या खोलीत कडीच्या आड पडद्यासमोर बसलेली आहेत; आणि ती तशी बसली आहेत म्हणूनच आमचा नातू टेकडीवर आहे. रूसोने १७६२ साली 'एमिल' लिहून मुलाला निसर्गाच्या हवाली करा असे साऱ्या युरोपला सांगितले, आणि आपली पाच मुले जन्मताच अनाथालयात धाडली. त्याला हसणे सोपे आहे. आपण आपली मुले धाडत नाही. दुसऱ्याची कडीआड ठेवतो, आणि आपल्याला ती दिसत नाहीत एवढेच. मेवाडच्या पन्ना दाईची कथा आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. राजपुत्राला वाचवण्यासाठी तिने त्याच्या शय्येवर आपले मूल निजवले. तिच्या स्वामिनिष्ठेने आपले डोळे भरून येतात. मी ही गोष्ट कितीतरी वर्षे वर्गात सांगितली. त्या शय्येवर निजलेल्या मुलाविषयी कोणाही विद्यार्थ्याने मला विचारले नाही, आणि मीही कधी विचार केला नाही.

खटल्याचा निकाल असा लागला. सूनबाईने मावशीला समोर बसवून सांगितले, "तो खेळताना पडला तर तो आमचा पडला. पैसे आमचे, दवाखाना आमचा, बोलणीही आम्हीच खाऊ. तुम्ही फक्त जे झाले ते जसेच्या तसे सांगा. त्यासाठी तुमचे काम जाणार नाही." माझ्या मुलाने आठवड्याची सुटी आणि आजारपणातला पगार या गोष्टी ठरवून टाकल्या, त्या तीन वर्षांत ठरल्या नव्हत्या याची त्याला लाज वाटली, हे मला बरे वाटले. आणि मावशीचा धाकटा सकाळी तिच्याबरोबर येऊ लागला. मुलगी शाळा सुटल्यावर थेट आमच्याकडे येते आणि पडवीत अभ्यास करते.

हे लिहून लेख इथेच संपवला असता तर वाचकांना आणि मलाही समाधान वाटले असते. पण तसे करणे म्हणजे जिन्यावरून घसरला असे सांगण्यासारखे होईल. टेकडीवर दोन्ही मुले सारखी असतात. चिखल दोघांना सारखाच लागतो. उंबरठ्याच्या आत आले की तसे राहत नाही. बाटलीतले पाणी कोणाला आधी, फुटलेले खेळणे कोणाचे, नव्या पुस्तकाला मातीचे हात कोणी लावायचे नाहीत, हे सगळे न बोलता ठरून जाते. आणि ते ठरवणाऱ्यांत मी आहे.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. दोघे पोर अंगणात एकमेकांच्या मागे धावत होते, आणि पायरीपाशी दोघेही एकदम पडले. दोघांनीही भोकाड पसरले. मी काठी शोधीत उठले ती नातवाकडे. मावशी स्वयंपाकघरातून धावत आली, आणि तीही नातवाकडेच गेली. तिने त्याला उचलले, त्याचा गुडघा पाहिला, त्यावर फुंकर घातली. तिला आता कामाची भीती नव्हती. निदान आम्ही तिला तसे सांगितले होते. मग तिचे पाय तिकडे का वळले? सवयीने? मायेने? की आमच्या सांगण्यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही? मी तिला विचारले नाही. तिचा मुलगा थोडा वेळ रडत तसाच बसून राहिला, मग आपला आपण उठला, चड्डीची माती झटकली आणि पायरीवर येऊन आमच्याकडे पाहत उभा राहिला. त्याच्याही गुडघ्याला खरचटले होते.